सामाईक घर आणि कोर्टाचा लिलाव

"कोर्टात जाईन आणि घर विकायला लावीन!" भावाभावांच्या भांडणात हे वाक्य पुष्कळ घरांत ऐकू येते. बोलणाऱ्याला ते हुकमाचे पान वाटते, आणि ऐकणाऱ्याच्या पायाखालची जमीन सरकते. गंमत अशी की दोघांपैकी एकालाही कायदा काय म्हणतो याचा पत्ता नसतो. बोलणारा समजतो की एक अर्ज टाकला की बेलिफ येऊन घराला टाळे लावील. ऐकणारा समजतो की आपण राहत्या घरातून रस्त्यावर येणार. या धमकीत खरे किती आणि पोकळ किती, याची शांतपणे फोड करावी, एवढाच या विवेचनाचा हेतू आहे.

आम्ही वकील नव्हे. आमचे आयुष्य कामगारांच्या संघटनेत गेले आणि कायदा आम्ही गरजेपोटी, कागद वाचता वाचता शिकलो. परंतु संघटनेच्या कचेरीत बोनस आणि बडतर्फीचे तंटे घेऊन येणारा माणूस, मुख्य काम आटोपल्यावर, हळूच पिशवीतून घराचा उतारा काढून पुढे सरकवतो, हा आमचा नेहमीचा अनुभव आहे. त्याचे कारण उघड आहे. तीस वर्षे यंत्रावर उभे राहून मिळालेला फंड आणि ग्रॅच्युइटी बहुधा दोन खोल्यांच्या भिंतींत गेलेली असते. श्रीमंताच्या घरात घर ही अनेक मालमत्तांपैकी एक. गरिबाच्या घरात ते एकच भांडवल. म्हणून श्रीमंताची वाटणी पुष्कळदा हिशेबाने मिटते, आणि गरिबाची वाटणी मात्र पिढी संपेपर्यंत चालते.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. ज्या घरात आपण राहतो ते घर आपल्या मालकीचे असतेच असे नाही. मुंबईच्या चाळीतील खोली ही पुष्कळदा भाड्याची असते. तिची मालकी चाळमालकाची. आपल्याकडे असतो तो भाडेकरूचा हक्क. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ प्रमाणे राहती खोली असलेला भाडेकरू वारला, तर मृत्यूच्या वेळी त्याच्याबरोबर राहणाऱ्या कुटुंबीयाकडे तो हक्क जातो. तसा कोणी नसेल तर वारसाकडे जातो. आणि एकमत न झाले तर कोर्ट ठरवते. अशा खोलीसाठी मालकी वाटून मागणारा दावा लावून उपयोग नाही. सहकारी गृहनिर्माण संस्थेतील गाळ्याबाबत गैरसमज उलट्या दिशेचा असतो. संस्थेच्या दप्तरी ज्याचे नाव नामनिर्देशित म्हणून लागले तोच मालक, असे घरचे लोक धरून चालतात. तसे नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली सांगितले की संस्थेने नामनिर्देशिताच्या नावे हस्तांतर नोंदवावे, परंतु त्यामुळे इतर वारसांचा मालकीचा दावा बुडत नाही. नाव एकाचे असले तरी हिस्से सर्वांचे राहू शकतात.

आता हिस्से कसे पडतात ते पाहू. समजा, सोलापुरातील एका हिंदू यंत्रमाग कामगाराने स्वतःच्या कमाईतून घर बांधले आणि मृत्युपत्र न करता तो वारला. मागे पत्नी, दोन मुलगे आणि एक विवाहित मुलगी. हिंदू वारसा अधिनियम, १९५६ प्रमाणे चौघांचे हिस्से सारखे, म्हणजे जुन्या भाषेत रुपयात चार-चार आणे. आईचा हिस्सा मुलांइतकाच, मुलीचा मुलाइतकाच. घर वडिलोपार्जित असेल तर हिशेब वेगळा पडतो. मुसलमान आणि ख्रिस्ती कुटुंबांत वारशाचे नियम निराळे आहेत. परंतु पुढे सांगणार आहोत तो विक्रीचा कायदा सर्वांना एकच आहे.

मुलीच्या हिश्श्याविषयी थोडे थांबले पाहिजे, कारण आजही खरी अडवणूक तेथेच होते. १९५६ च्या कायद्याने मुलीला वारस केले खरे, पण त्याच्याच २३ व्या कलमाने राहत्या घराच्या दारात तिला अडवले. घरातील पुरुष वारस आपापले हिस्से वेगळे करण्याचे ठरवीत नाहीत तोवर मुलीला राहत्या घराची वाटणी मागता येत नसे. म्हणजे हक्क कागदावर, आणि किल्ली भावाच्या कनवटीला! महाराष्ट्राने १९९४ साली वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला जन्मतः हक्क दिला. ९ सप्टेंबर २००५ पासून केंद्राच्या दुरुस्तीने तो देशभर आला आणि ते २३ वे कलमही रद्द झाले. २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने आणखी स्पष्ट केले की त्या तारखेला वडील हयात होते की नव्हते यावर मुलीचा हा जन्मसिद्ध हक्क अवलंबून नाही. तेव्हा "लग्नात दिले ते दिले, आता तिचे काय?" हे बोलणे रूढीचे आहे, कायद्याचे नव्हे. तिने स्वखुशीने, नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून हिस्सा सोडला तर गोष्ट वेगळी. पण सणासुदीला माहेरी बोलावून, न वाचता घेतलेल्या सह्यांतून पुढे दावे उभे राहतात, हे भावांनीही लक्षात ठेवावे.

आता मूळ प्रश्न. चार आणे हिस्सा असलेल्या एकट्या माणसाला कोर्टात जाता येते काय? येते. वाटपाचा दावा लावायला बहुमत लागत नाही, कोणाची परवानगी लागत नाही. कोणालाही सामाईकीत जन्मभर बांधून ठेवता येत नाही, हे या कायद्याचे पहिले तत्त्व आहे. एक भाऊ घरात राहतो म्हणून ते त्याचे एकट्याचे होत नाही. सामाईक मिळकतीत एकाचा ताबा हा सामान्यतः सर्वांच्या वतीने समजला जातो. मात्र त्याने "तुमचा येथे काही संबंध नाही" असे उघडपणे सांगून बाकीच्यांना बाहेर ठेवले असेल, तर स्वस्थ बसणे धोक्याचे. त्यानंतर बारा वर्षांच्या मुदतीचा प्रश्न उभा राहतो.

परंतु वाटप म्हणजे विक्री नव्हे, हे दुसरे तत्त्व. आमच्या अनुभवात सर्वांत जास्त घोटाळा येथेच होतो. वाटपाच्या दाव्यात कोर्टाचे पहिले काम घर मोडून विकणे हे नसून सरस-निरस मानाने प्रत्यक्ष वाटून देणे हे आहे. वाडा मोठा असेल, दोन दरवाजे काढता येत असतील, तर भिंत घालून वाटप होते. कमी-जास्त पडेल ते पैशाने भरून काढता येते. पूर्वी कोर्टाची अडचण अशी होती की घर कितीही लहान असले तरी त्याचे तुकडेच पाडावे लागत; सरसकट विक्रीचा हुकूम देण्याचा अधिकार त्याला नव्हता. ही अडचण दूर करण्यासाठी १८९३ साली वाटणीचा अधिनियम झाला. आमच्या वसंत व्याख्यानांची परंपरा पुण्यात रुजवणारे न्यायमूर्ती रानडे ज्या वर्षी मुंबई हायकोर्टाचे न्यायाधीश झाले, तेच हे वर्ष. इतका जुना हा कायदा मोजक्याच कलमांचा आहे आणि आजही लागू आहे.

त्याचे दुसरे कलम विक्रीचे. त्यात ज्या अटी आहेत त्या एकेक मोजून घ्याव्यात. पहिली अट: मिळकतीच्या स्वरूपामुळे, हिस्सेदारांच्या संख्येमुळे किंवा अन्य विशेष कारणाने घर वाजवी रीतीने वाटता येत नसले पाहिजे. एकच जिना, एकच मोरी, एकच नळ आणि चार हिस्सेदार, अशी स्थिती असली की ही अट बहुधा पुरी होते. दुसरी अट: विकून पैसे वाटणे हे सर्वच हिस्सेदारांच्या अधिक हिताचे आहे असे कोर्टाला दिसले पाहिजे, मागणी करणाऱ्या एकट्याच्या हिताचे असून भागत नाही. तिसरी अट: विक्रीची मागणी करणाऱ्यांचा हिस्सा, एकट्याचा किंवा मिळून, निम्मा अथवा अधिक असला पाहिजे. म्हणजे सोळा आण्यांच्या घरात आठ आणे पाठीशी हवेत. आणि हे सारे असूनही कोर्ट विक्रीचा हुकूम देईलच असे नाही. देणे न देणे त्याच्या विवेकावर आहे.

आमच्या सोलापूरच्या उदाहरणात हे लावून पाहा. थोरला मुलगा आईसह घरात राहतो. धाकटा पुण्यात नोकरीला, बहीण सासरी. एकटी बहीण वाटपाचा दावा लावू शकते, पण या कलमाखाली एकटीने विक्री मागू शकत नाही. तिचे आणे चारच. धाकटा भाऊ तिला मिळाला तर आठ आणे झाले. आई कोणाच्या बाजूने उभी राहते यालाही तितकेच वजन आहे. घरात जिला कोणी विचारत नव्हते तिच्या चार आण्यांना एकदम किंमत येते! आठ आणे जमले नाहीत म्हणजे सारे दरवाजे बंद झाले असे मात्र नव्हे. घर तुटण्याजोगे नसेल तर ते एकाच्या पदरी आणि वाजवी रक्कम दुसऱ्याच्या पदरी घालण्याचा, अथवा हिस्सेदारांतच बोली लावण्याचा मार्ग कोर्टांनी निवाड्यांतून मान्य केला आहे.

तिसरे कलम वाचले म्हणजे धमकी देणाऱ्याचा उत्साह ओसरतो. एखाद्याने विक्रीची मागणी केली की दुसऱ्या हिस्सेदाराला कोर्टापुढे येऊन म्हणता येते, "घर विकू नका, मागणी करणाऱ्याचा हिस्सा मीच ठरलेल्या किमतीला घेतो." असे झाले की कोर्टाने हिस्स्याची किंमत ठरवून तो त्या हिस्सेदाराला देऊ केलाच पाहिजे. हिशेबाच्या सोयीसाठी घराची किंमत चाळीस लाख धरू. धाकट्याने आणि बहिणीने विक्री मागितली, आणि थोरल्याने वीस लाख भरण्याची तयारी दाखवली, तर त्या दोघांचे हिस्से थोरल्याकडे जातात आणि घर लिलावात जात नाही. थोरला आणि आई असे दोघे वेगवेगळे पुढे आले, तर ठरलेल्या किमतीच्या वर जो जास्त देईल त्याला ते मिळते. तयारी दाखवून आयत्या वेळी कोणीच पैसे भरले नाहीत, तर त्या अर्जाचा खर्च तयारी दाखवणाऱ्यांच्या अंगावर पडतो.

येथे एक गाठ आहे. विक्री मागितली, दुसऱ्याने खरेदीची तयारी दाखवली, आणि मग पहिल्याला पश्चात्ताप होऊन तो म्हणाला, "मी दावाच काढून घेतो", तर? सर्वोच्च न्यायालयाने १९७२ साली उत्तर दिले की एकदा दुसऱ्याचा खरेदीचा हक्क उभा राहिला म्हणजे दावा काढून घेऊन तो हाणून पाडता येत नाही. तात्पर्य, विक्रीची मागणी म्हणजे आपला स्वतःचा हिस्सा बाजारात ठेवणे होय. ज्याला घर हवे आहे त्याने केवळ भीती घालण्यासाठी ही मागणी करू नये.

कोणीच खरेदीला पुढे आला नाही आणि कोर्टाने विक्रीचा हुकूम केला, तरी घर मातीमोलाने जाऊ नये अशी तजवीज त्याच कायद्यात आहे. कोर्ट किमान बोली ठरवून देते. हिस्सेदारांना स्वतः बोली लावता येते, आणि अनामत न भरणे किंवा आपल्या हिश्श्याची रक्कम खरेदीच्या किमतीतून वळती करून घेणे, अशी सवलत कोर्ट त्यांना देऊ शकते. बाहेरच्याची आणि हिस्सेदाराची बोली सारखीच आली तर ती हिस्सेदाराची समजली जाते. एवढे असूनही लिलावाची किंमत खुल्या सौद्यापेक्षा बहुधा कमीच येते. भांडणातले घर घ्यायला सचोटीचा गिऱ्हाईक कचरतो आणि मुरलेला दलाल पुढे सरसावतो, हे सांगायला कायद्याचे पुस्तक नको.

दाव्याची वाट कशी असते तेही थोडक्यात सांगतो. आधी कागद जमवावेत: सिटी सर्व्हेचे मालमत्ता पत्रक किंवा ग्रामपंचायतीचा नमुना आठचा उतारा, खरेदीखत, मृत्यूचा दाखला, कराच्या पावत्या. उताऱ्यावर नाव असणे हा मालकीचा अखेरचा पुरावा नव्हे आणि नाव नसल्याने मालकी जातही नाही. दाव्यात प्रत्येक हिस्सेदाराला पक्षकार करावे लागते. एक जरी राहिला तरी दावा लंगडा होतो. मग कैफियती, साक्षी, आणि पहिला टप्पा म्हणजे प्राथमिक हुकूमनामा. त्यात कोणाचा हिस्सा किती एवढेच ठरते. पुष्कळ लोक येथेच पेढे वाटतात! खरे काम पुढेच असते. कोर्ट कमिशनर नेमते. तो जागेवर येऊन मोजमाप करतो आणि घर वाटता येते की नाही याचा अहवाल देतो. त्यावर हरकती ऐकून अंतिम हुकूमनामा होतो, आणि वाटपाचा तो हुकूमनामा मुद्रांक कागदावर उतरल्याशिवाय त्याची अंमलबजावणी होत नाही. पूर्वी प्राथमिक हुकूमनामा झाल्यावर कोणीतरी पुन्हा अर्ज करीपर्यंत कागद वर्षानुवर्षे धूळ खात पडत. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने खालच्या कोर्टांना बजावले की पक्षकाराच्या अर्जाची वाट न पाहता त्यांनी आपण होऊन अंतिम हुकूमनाम्याचे काम पुढे न्यावे. ही सुधारणा चांगली आहे. परंतु अपिलांच्या पायऱ्या कायम आहेत, आणि दावा लावणाऱ्याने वर्षांच्या हिशेबानेच तयारी ठेवावी.

आता एका वेगळ्या संकटाविषयी. कंटाळलेला एक भाऊ आपला हिस्सा एखाद्या बिल्डरला किंवा सावकाराला विकून मोकळा होतो. हा तिऱ्हाईत घरात घुसून बसेल काय? मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ चे ४४ वे कलम सांगते की अविभक्त कुटुंबाच्या राहत्या घरातील हिस्सा घेणाऱ्या परक्याला कुटुंबाबरोबर एकत्र ताबा मागता येत नाही. त्याची वाट एकच, वाटपाचा दावा. आणि तो दावा लावला की १८९३ च्या कायद्याचे चौथे कलम जागे होते: घरातील कोणीही हिस्सेदार त्या परक्याचा हिस्सा कोर्टाने ठरवलेल्या किमतीला घेण्याची हमी देऊ शकतो, आणि कोर्टाने तो त्याला दिलाच पाहिजे. मात्र परक्याने वाटणी मागितल्याशिवाय हा हक्क वापरता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००० साली स्पष्ट केले आहे. म्हणून अशी विक्री कळताच घाबरून कोऱ्या कागदावर सह्या करू नयेत. परका जितका चढेल आवाजात बोलतो तितका त्याचा पाय भक्कम नसतो.

हिस्सा नसलेल्या माणसांचाही विचार केला पाहिजे. घरातील सुनेचे नाव कोणत्याही उताऱ्यावर नसते. परंतु कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ ने तिला सामायिक घरात राहण्याचा हक्क दिला आहे, आणि ते घर सासू-सासऱ्यांच्या नावे आहे एवढ्यावरून तो नाकारता येत नाही, असे २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे. हा हक्क मालकीचा नव्हे, छपराचा आहे. पण घर विकायला निघालेल्यांना तो विचारात घ्यावाच लागतो.

कामगार चळवळीत आम्ही एक धडा शिकलो. संपाचा हक्क जवळ असला पाहिजे, त्याची नोटीस देण्याची हिंमत असली पाहिजे. परंतु कामगाराच्या पदरात जे पडते ते बहुधा वाटाघाटीच्या टेबलावर पडते. ज्याला संप करताच येत नाही त्याच्याशी मालक बोलत नाही, आणि जो ऊठसूट संप करतो त्याची चूल विझते. विक्रीच्या दाव्याचेही असेच आहे. बहिणीला हा हक्क आहे हे भावाला कळल्याशिवाय तो बोलायला बसत नाही, म्हणून तो हक्क तिने जाणून घेतलाच पाहिजे. आणि थोरल्याच्या डोक्यावरचे छप्पर लिलावात गेले तर हाती येणारी रक्कम दोघांनाही थोडीच पडेल, म्हणून शक्य तोवर त्याआधी बसून मिटवले पाहिजे.

मिटवण्याचे मार्ग पुष्कळ आहेत. राहणाऱ्याने बाकीच्यांचे हिस्से हप्त्यांनी घ्यावेत. तोवर त्यांना भाड्यादाखल काही द्यावे. त्याने केलेल्या डागडुजीचा आणि भरलेल्या कराचा हिशेब प्रामाणिकपणे मांडावा. आईला हयातभर राहण्याचा हक्क लेखी ठेवून घर तिच्यामागे वाटावे. जे ठरेल ते तोंडी ठेवू नये. रीतसर लिहून, जरूर तेथे नोंदवून घ्यावे. दावा चालू असला तरी लोकअदालतीत तडजोड करता येते. तेथील निवाडा हुकूमनाम्याइतकाच बंधनकारक असतो, त्यावर अपील नसते, आणि भरलेली कोर्ट फी परत मिळते. वकिलाची फी परवडत नाही म्हणून घरी बसणाऱ्यांनी हेही ऐकून ठेवावे: विधि सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ प्रमाणे स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, अपंग आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर मदत मागता येते. प्रत्येक जिल्हा न्यायालयात तिची कचेरी आहे. आमच्या कारखान्यांतील किती कामगारांना हे ठाऊक आहे?

आपल्या शेजारी गोव्यात रीत थोडी निराळी आहे. तेथे पोर्तुगीज अमलापासून चालत आलेली आणि २०१२ च्या कायद्याने पुन्हा घडवलेली इन्व्हेंटरीची पद्धत आहे. मृताच्या साऱ्या मालमत्तेची यादी कोर्टापुढे होते आणि न वाटता येणाऱ्या वस्तूवर वारसांमध्येच बोली लागते. जो जास्त बोलेल त्याने घर घ्यावे आणि इतरांना पैसे द्यावेत. घर आधी घरातल्यांपुढे, हे तत्त्व तेथे पहिल्यापासूनच उघड आहे. आपल्याकडे ते तिसऱ्या आणि चौथ्या कलमांत शोधावे लागते.

शेवटी ज्यांच्या नावावर आज घर आहे त्यांच्यासाठी दोन शब्द. स्वकष्टार्जित घराचे मृत्युपत्र करायला मुद्रांक लागत नाही. दोन साक्षीदारांसमोर सही केली की ते पुरे होते, आणि नोंदणीही सक्तीची नाही. मुलांशी बोलून, मुलीला बाजूला न सारता, कोणाला घर आणि कोणाला पैसे हे हयातीतच लिहून ठेवावे. पत्नीच्या राहण्याची सोय पहिल्या ओळीत लिहावी. कपाटातल्या साऱ्या पावत्या एका पिशवीत घालून ती कोठे ठेवली हे दोघातिघांना सांगावे. एवढे एका दुपारचे काम आहे. ते राहून गेले तर तेच काम पुढे दिवाणी कोर्टाला करावे लागते, आणि त्याला कित्येक वर्षे लागतात.